पिरोजा हिरवा पडला

खड्याचा रंग बदलला म्हणून मदिनाबीनं सून माहेरी धाडली, आणि धाडली ती नेमकी खडा देणाऱ्याच्याच दारात. करडीच्या सुगीचे दिवस. तेरहून बैलगाडी आली, धाराशिवच्या पेठेत खाजाभाईच्या दुकानापुढं थांबली, आणि बुरखा सावरत त्याची लेक अन्वरी खाली उतरली. लग्न होऊन पाच महिनेही झाले नव्हते. गाडीवाल्यानं खाजाभाईच्या हातावर कागदाची पुडी ठेवली आणि मदिनाबीचा निरोप धडा म्हटल्यासारखा म्हणून दाखवला. खडा पुन्हा निळा झाला की पोर घेऊन जाऊ, तोवर तुमची तुमच्याकडं असू द्या.

पुडीत लग्नातली चांदीची अंगठी होती. दिली तेव्हा तिच्यातला पिरोजा धुतलेल्या आभाळासारखा होता. आता बघावं तर हौदातलं शेवाळ. खाजाभाईनं अंगठी नाकाशी नेली, एकदाच हुंगली आणि कपाळावर हात मारून घेतला. करडीचं तेल. लसणात कढवलेलं.

आता खाजाभाई म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. अंगठ्यांत खडे बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. कचेरीतले अंमलदार मोहरेची अंगठी कोरून घ्यायला त्याच्याकडंच यायचे. पिरोजा हिरवा का पडतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पिरोजा पितो. तेल पितो, घाम पितो, साबण पितो, अत्तर पितो, आणि जे पिलं त्यानं हिरवा पडतो. यात ना जिन्न ना जादू. म्हणून तर प्रत्येक गिऱ्हाइकाला तो घसा कोरडा करून सांगायचा, की नमाजाआधी हातपाय धुताना, वुजू करताना अंगठी काढा, अंघोळीला काढा, सैंपाकाला बसताना काढा, मलमलीच्या कोरड्या फडक्यानं पुसा, कापसात गुंडाळून डबीत ठेवा, उन्हात ठेवू नका. गिऱ्हाईक मान डोलवायचं, दुकानाची पायरी उतरायचं, आणि उतरता उतरता सगळं विसरायचं.

विसरायचं नाही ते दुसरं. ते दुसरं म्हणजे खाजाभाईची थाप. हैदराबादेत उस्तादाच्या हाताखाली असताना तो हे शिकला होता. उस्ताद म्हणायचा, खडा कुणी विकत घेत नाही, लोक गोष्ट विकत घेतात, खडा तिच्याबरोबर जातो. म्हणून गिऱ्हाईक बघून कधी दखनीत, कधी मराठीत खाजाभाई सांगायचा, की पिरोजाचे गुण दोन. एक, तो घरातलं दुखणं स्वतःवर ओढून घेतो. आणि दुसरा, घालणाऱ्याचं मन घरात आहे तोवर तो निळा राहतो, मन घरातून उडालं की हिरवा पडतो. या दुसऱ्या गुणावर तर लोक तुटून पडायचे. नवरे बायकांना अंगठ्या घ्यायचे, बायका नवऱ्यांना घ्यायला लावायच्या, आणि मग दोघंही एकमेकांच्या बोटाकडं डोळा ठेवून जेवायचे. खाजाभाईला वाटायचं, बोलण्याला काय टॅक्स लागतोय.

आणि त्याचं तोंड असं, की लेकीच्या लग्नातसुद्धा बंद राहिलं नाही. अन्वरीच्या हातात अंगठी देताना साठ माणसांपुढं सवयीनं सगळी टकळी सुरू केली. बायको जैनबबी पडद्याआडून दोनदा खाकरली, पण याची गाडी उताराला लागली होती. समोर समधन म्हणजे विहीण, ही मदिनाबी, कान टवकारून बसली होती. तिनं त्यातलं काय काय उचललं, ते आता पुडीत बांधून आलं होतं.

खाजाभाईनं लेकीला पुढ्यात बसवलं आणि उलटतपासणी घेतली. तेल लागलंच कसं? मी काय घसा फोडून सांगितलं होतं? अन्वरी बोलायला थोडी, पण बोलली की ठाम. तिनं सांगितलं, वुजूला अंगठी काढत होते, भाकरी करताना काढत होते, कापसात घालून डबीत ठेवत होते, तुम्ही सांगितलं तसं सगळं. मग तेल आभाळातून पडलं का, असं खाजाभाईनं विचारलं, तेव्हा तिनं आपल्या रिकाम्या बोटाकडं बघितलं.

"तिकडं अम्माचे गुडघे," ती म्हणाली. "रोज दुपारी मी तेल लावत होते. पहिल्या दिवशी अंगठी काढून ठेवली, तर त्यांनीच परत घालायला लावली. म्हणाल्या, तुझ्या बापानं सांगितलंय, हा दुखणं ओढून घेतो. खडा गुडघ्यावरून फिरू दे."

चार महिने रोज तासभर तो खडा कोमट तेलातून फिरत होता. हिरवा पडेल नाही तर काय गुलाबी पडेल? एका थापेनं खडा तेलात बुडवला होता आणि दुसरीनं लेक घराबाहेर काढली होती, आणि दोन्ही थापा याच्याच तोंडच्या. जपण्याचं सांगितलं ते एवढ्या मोठ्या घरात एकट्या लेकीनं ध्यानात ठेवलं, आणि तिलाच ते पाळू दिलं नाही.

जैनबबीनं भाकरी अशी थापली की शेजारच्या भिंतीला कळावं. "लोकांच्या घरात काड्या टाकून विकत होता," ती म्हणाली, "आता आपल्या चुलीपाशी धूर आला." त्यानंतर तिनं नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

एकदा वाटलं, खडा बदलून टाकावा, झाली कटकट. पण लढाईपायी इराणचा पक्का माल बंद झाला होता. मुंबईहून येत होता तो सगळा कच्चा, खडूसारखा. जिभेला लावला तर चिकटायचा. खरं सांगायचं तर लेकीच्या अंगठीतला खडाही त्यातलाच. पक्के दोन होते, ते त्यानं चांगल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवले होते. ही गोष्ट त्यानं जैनबबीला सांगितली नव्हती आणि आता सांगण्याची छाती नव्हती. त्यातला एक काढून बसवतो म्हणाला, तर अन्वरीनं सरळ विचारलं, तेल लावायचं तर सुटणार नाही, मग तोही हळूहळू हिरवा पडला की मी परत यायचं का? त्यानं पक्का खडा परत ठेवून दिला. पिलेला खडा ओकतोय का बघावा म्हणून त्यानं मुलतानी मातीत तीन दिवस पुरून ठेवला. चौथ्या दिवशी काढला तर मातीला तेलाचा वास, आणि खडा होता तसाच.

तेवढ्यात बातमी आली. शेजारच्या शरणबसप्पा वाण्याचं तेलाचं दुकान, करडीच्या खरेदीला तो आठवड्याला तेरला जायचा आणि मदिनाबीकडं तेलही तोच द्यायचा. त्यानं ऐकून आलेलं सांगितलं. माकणीहून मदिनाबीची बहीण येऊन राहिली आहे, संगं तिची लग्नाची पोरगी आहे, आणि ती पोरगी मुनवरला रोज पाणी देते. मुनवर म्हणजे जावई. गरीब गाय. त्याच्या तोंडून कुणी कधी पुरतं वाक्य ऐकलं नव्हतं. असा माणूस दुसऱ्या निकाहालाही मान हलवून मोकळा होईल, हे खाजाभाईला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी तो शरणबसप्पाच्या गाडीत चढून बसला.

वाटेनं शरणबसप्पानं लई जीव खाल्ला. म्हणे खडा तुझा, तेल माझं, आपण दोघं मिळून पोरीचा संसार बुडवला. खाजाभाई म्हणाला, तुझं तेल तरी खरं होतं.

तेरला मदिनाबी बाजेवर बसली होती, दोन्ही गुडघ्यांना घोंगडीचे तुकडे गुंडाळून. कोनाड्यात वाटीभर जुने मणी होते. तेरच्या पांढरीत, जुन्या गावठाणाच्या मातीत, नांगर फिरला की जमिनीतून असले मणी वर येतात आणि पोरं वेचून आणतात, त्यामुळं खड्यांतलं आपल्याला कळतं असं इथल्या निम्म्या माणसांना वाटतं. मदिनाबी त्या निम्म्यांतली. मुनवर खांबाला टेकून पायाचा अंगठा बघत उभा होता.

खाजाभाईनं आडपडदा ठेवला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं पिरोजाबद्दल निव्वळ खरं सांगितलं. खड्याला मन कळत नाही, दुखणं कळत नाही, तो तेल पितो आणि हिरवा पडतो, मी बोललो त्या सगळ्या धंद्याच्या थापा होत्या, समधनबी, माफ करा. म्हणत त्यानं कानाची पाळी धरली.

मदिनाबीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं त्याचं लग्नातलं भाषण त्यालाच परत म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मध्ये जिथं तो थांबून श्वास घ्यायचा, तिथं तीही थांबली.

"साठ माणसांपुढं बोललात ते खोटं," ती म्हणाली, "आणि आज लेकीसाठी एकटे येऊन बोलता ते खरं? मला काय दूधखुळी समजता?"

बोला आता. तीस वर्षं खोटं सांगितलं ते लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि एक दिवस खरं सांगायला गेला तर कुत्रं विचारीना. खाजाभाईनं खिशातून कच्चा निळा खडा काढला, तिची तेलाची वाटी मागितली, सगळ्यांदेखत खडा आत टाकला आणि म्हणाला बघा. सगळे बघत बसले. चहा झाला. माकणीच्या बहिणीनं सुपारी कातरली. खडा निळाच. पिरोजा काय ताडी पिल्यासारखा ढोसत नाही, तो दिवसादिवसानं पितो, हे खाजाभाई जीव तोडून सांगत राहिला, पण वाटीत निळा खडा समोर दिसत असताना त्याचं कोण ऐकणार? मदिनाबीनं तो चिमटीत धरून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, बघा, मन साफ असलं की तेलातसुद्धा निळा राहतो.

खाजाभाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी आवरून त्यानं हिरव्या रंगाची बाजू घेतली. हिरवा तर पाक रंग, दर्ग्याची चादर हिरवी, त्यात वाईट काय? मदिनाबी म्हणाली, मग लग्नात हिरवाच द्यायचा होता. त्यानं जावयाला विचारलं, तुला काय वाटतं बाबा? मुनवर अंगठ्याकडं बघून म्हणाला, अम्मा म्हणंल तसं.

संपलं. खाजाभाई उठला. त्याला वाट दाखवायला म्हणून मदिनाबीही उठायला गेली, आणि निम्म्यातच 'या अल्ला' म्हणत बाजेची कड धरून थांबली. गुडघा वळेना. मुनवरनं धरून तिला परत बसवलं.

त्या वेळेला खाजाभाईच्या तोंडानं खाजाभाईला विचारलं नाही. ते आपलं आपण सुरू झालं.

"समधनबी, गुडघा कधीपासून उठला?"

"पोर गेली तेव्हापासून."

"अन् पोर होती तेव्हा?"

"तेव्हा उतार होता. पायरी चढत होते."

"मग चार महिन्यांचं दुखणं गेलं कुठं?" खाजाभाईनं खिशातून अंगठी काढून तिच्यापुढं धरली. "हे बघा. हिरवा रंग मनाचा न्हाय. तुमच्या गुडघ्यातला आहे. खडा काठोकाठ भरलाय."

मुनवरनं पहिल्यांदा मान वर केली. माकणीच्या बहिणीनं अडकित्ता खाली ठेवला. मदिनाबीनं अंगठी घेतली, उजेडाला धरून फिरवून बघितली, दोन्ही डोळ्यांना लावली, आणि रागानं म्हणाली, एवढी सरळ गोष्ट आधी सांगायला काय झालं होतं? उगीच त्या तेलाच्या गोष्टी सांगत बसलात. जुम्म्याला मी स्वतः येते पोरीला न्यायला.

परतीच्या वाटेवर खाजाभाईला हसावं का रडावं कळेना. शरणबसप्पा मात्र हसून हसून गाडीतून पडायचा राहिला. काही का असेना, लेकीचं घर वाचलं होतं. घरी येऊन त्यानं सगळं रंगवून सांगितलं, आणि जैनबबी इतक्या दिवसांनी नवऱ्याशी बोलली. अन्वरी बोलली नाही. ती परातीतल्या पिठाकडं बघत राहिली.

"मग मी काय केलं तिथं, अब्बा?" तिनं शेवटी विचारलं.

खाजाभाईला काही उमगलं नाही.

"चार महिने रोज दुपारी मी बसत होते. बोटं सुजायची. दुखणं खड्यानं ओढलं म्हणता, तर माझे हात काय शोभेला होते?"

खाजाभाईनं तोंड उघडलं, आणि त्या तोंडाला तीस वर्षांत पहिल्यांदा काही सुचलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, उठून हात धुवायला गेली.

जुम्म्याला नमाज झाल्यावर गाडी आली. मुनवरनं आईला धरून उतरवलं आणि मागच्या खोलीत चटईवर बसवलं. मदिनाबीचा चेहरा उजळला होता, सुनेच्या डोक्यावरून तिनं हात फिरवला. मग पदराची गाठ सोडून अंगठी काढली आणि खाजाभाईला विचारलं, की आता हा भरलाय तर आणखी दुखणं मावेल का नवा खडा बसवावा लागेल?

अन्वरीचं बोचकं बांधून तयार होतं. ती म्हणाली, "अम्मा, मी येते. तेल पण लावते. पण अंगठी घालणार न्हाय."

मदिनाबीनं खाजाभाईकडं बघितलं. जैनबबीनंही बघितलं, आणि तिच्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं, की नवा खडा म्हणा आणि गप बसा. गाडी दारात उभी होती. एक शब्द वाकडा गेला की रिकामी परत जाणार होती. खाजाभाईनं लेकीच्या हाताकडं बघितलं. बोटांची पेरं अजून जाडच होती.

"समधनबी," तो म्हणाला, "खड्यानं काही ओढलं न्हाय. ते माझ्या लेकीचे हात होते."

"परवा तर म्हणालात, गुडघ्यातला रंग."

"परवा खोटं बोललो. लग्नात पण खोटं बोललो. मध्ये एकदा खरं बोललो, ते तुम्ही ऐकलं न्हाय."

मदिनाबीच्या कपाळाची शीर उडायला लागली. या माणसाचं धरावं तरी काय आणि सोडावं तरी काय, असं ती कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली आणि सगळ्यांना ऐकू गेलं. उठून जायचं तिच्या मनात आलं असावं, पण गुडघे तिच्या मनाचे नव्हते. तेवढ्यात अन्वरी चुलीवरून कोमट तेलाची वाटी घेऊन आली आणि तिच्यापुढं बसली. अंगठी तुमच्या हातात आहे, घट्ट धरून बसा, एवढंच म्हणाली आणि घोंगडीचा तुकडा सोडला.

खाजाभाई आणि मुनवर पुरुषमाणसं म्हणून उठून दुकानात येऊन बसले. खाजाभाई आतल्या दाराकडं कान लावून होता आणि जावई पायाचा अंगठा बघत होता. मग मदिनाबीचा आवाज आला.

"जरा वर. हां, तिथं."

थोड्या वेळानं चांदीचं काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज झाला. कुणी उचलल्याचं ऐकू आलं नाही.

उन्हं कलायच्या आत गाडी निघाली. अन्वरी सासूच्या शेजारी बसली, मोकळ्या बोटांनी. मुनवरनं बायकोचं बोचकं उचलून आत ठेवलं आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाला, "हिचे हात लई चांगले आहेत." पुरतं वाक्य होतं. मदिनाबीनं खाजाभाईला जवळ बोलावलं आणि बजावलं, की इथून पुढं सणावाराला तेल धाडा, खडा नको.

अंगठी जैनबबीनं चटईखालून काढून दिली. खाजाभाईनं ती पुसून कापसात ठेवली, तेवढ्यात बंडप्पा नावाचं एक गिऱ्हाईक पायरी चढून आलं. लेकाच्या लग्नासाठी अंगठी बघत होतं. निळे खडे बघता बघता त्याची नजर उघड्या डबीवर गेली. हा हिरवा का पडला, त्यानं विचारलं.

खाजाभाईच्या जिभेवर सगळी जुनी टकळी येऊन बसली. त्यानं ती गिळली.

"तेलानं," तो म्हणाला. "माझ्या लेकीनं चार महिने सासूच्या गुडघ्यांना तेल लावलं, त्या तेलाचा रंग आहे. दुसरं काही न्हाय."

बंडप्पानं अंगठी उचलली, तळव्यावर ठेवून बराच वेळ बघितली, आणि पैसे काढायला कनवटीला हात घातला. म्हणाला, निळी राहू द्या, मला हीच पाहिजे, सुनेला घालायची आहे.

खाजाभाईनं कपाळावर हात मारून घेतला, त्याच्या हातातून अंगठी काढून घेतली आणि डबी बंद केली.